इंजेक्शन बंद झालं आणि मला भीतीच वाटली

मैत्रिणींनो, आज सोनोग्राफी झाल्यावर उल्हासनगरच्या आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "बाळाचे ठोके छान आहेत. आजपासून हार्मोनचं इंजेक्शन बंद."

आयव्हीएफनंतर रोज नवराच मला ते द्यायचा. टोचून टोचून गाठी आल्यात, तरी बंद म्हटल्यावर भीतीच वाटली. मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच बाळ गेलं होतं.

अंबरनाथला घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, "एक उरलंय, आजच्या दिवस देऊन टाक ना."

त्याने डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला.

"अगं, आता वार, म्हणजे प्लॅसेंटा, तयार झालीय. लागणारं हार्मोन तीच बनवते," त्या म्हणाल्या.

इंजेक्शन घेतलं नाही. नवरा गाठी शेकत शेजारी बसलाय.

तुमचं बंद झालं, तेव्हा पहिले काही दिवस तुम्ही कसे काढलेत?