खांद्यावरचं तूप

सेलूत कुठल्याही मोटरसायकलच्या टाकीवर आगीच्या ज्वाळा दिसल्या की समजून घ्यायचं, हात मुकेशचा आहे. बसस्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडात त्याचं दुकान. दिवसभर भडभडणारा कॉम्प्रेसर, पेनासारखा बोटांत धरून रंगाचा बारीक फवारा मारायचा तो एवढासा एअरब्रश, आणि गिऱ्हाइकाला दिलेला वायदा कधीही न पाळायची सवय. माणूस वाईट नव्हता हो! पण काम संपलं असं त्याला कधी वाटतच नसे. गिऱ्हाईक म्हणे, "मस्त झाली मुकेशभाऊ, द्या आता." हा म्हणे, "थांब ना बाप्पा, अजून एक हात मारतो." त्या एका हातापायी एका नवरदेवाला स्वतःच्या साखरपुड्याला भावाच्या गाडीवर मागे बसून जावं लागलं होतं.

बायकोही त्याच हातापायी गेली असं लोक म्हणत. लोकांच्या तोंडाला काय, पण यात खोटं फारसं नव्हतं. अपेक्षा दवाखान्यात नर्स. ताट वाढून झाकायचं, झाकलेलं पुन्हा गरम करायचं, पोरीच्या गॅदरिंगला एकटीनं जायचं, याला ती विटली. आदळआपट नाही, शिवीगाळ नाही. तिनं वर्ध्याला लागून सिंदी मेघेत खोली केली आणि वर्षालीला घेऊन निघून गेली. पुढे कोर्टात कागदही झाले. पोरगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती.

मुकेशच्या वाट्याला वर्षाचा एक सण राहिला, तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याला खरे बैल मिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघर जाऊन बोजारा मागतात, चिल्लर नि खाऊ गोळा करतात. पहिल्याच वर्षी वर्षालीनं लाकडी बैल पाहून नाक मुरडलं होतं. "मले हा नाई पायजे. मले रेसकार पायजे."

बाप असा खूश झाला की विचारू नका. तेव्हापासून दर पोळ्याला एक नवी रेसकार. बाजारातली खेळणी नव्हे बरं! खऱ्या शर्यतीच्या गाडीचे फोटो मोबाइलवर मोठे करून करून तो मापं काढायचा आणि नेमकी आठव्या हिश्शाची गाडी बांधायचा. तेलाच्या डब्याचा पत्रा, सायकलचे स्पोक, जुन्या हवाई चपलांचे सोल गोल कापून केलेले टायर. वर पुट्टी, घासकाम, अस्तराचा राखाडी रंग, आणि मग एअरब्रशनं असा रंग की बोट लावायची भीती वाटावी. बैलांच्या रांगेत पोरगी कार घेऊन ऐटीत उभी राहायची. म्हातारे विचारायचे, "हा कोनता गोऱ्हा वं?" ती म्हणायची, "हा कडबा नाई खात, पेट्रोल पेते!"

गेल्या वर्षी मिरवता मिरवता कारचं एक चाक लंगडायला लागलं. मुकेशचा जीव खालीवर. रस्त्यातच पाना काढून बसला. वर्षालीनं त्याचा हात धरला. "राहू द्या ना पप्पा. थकला तो." आणि तशीच लंगडी कार गावभर ओढत फिरली.

यंदा श्रावणात अपेक्षाचा फोन आला. पुण्याला चांगली नोकरी लागली होती, बिऱ्हाड हलवायचं होतं. रेल्वेचं तिकीट नेमकं तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळचं मिळालं.

"सकाळी अकराच्या आत पोरीले घेऊन जा, पाचच्या आत आणून सोडा," ती म्हणाली. "उशीर केला तर मी थांबणार नाई. माह्यासाठी कधी वेळेवर आले नाई, तिच्यासाठी तरी या."

"येतो. आईशप्पथ येतो," मुकेश म्हणाला.

त्या दिवसापासून त्यानं टाक्यांना हात लावला नाही. पोरगी दूर चालली, आता कधी भेटेल कोण जाणे, मग कार अशी झाली पाहिजे की तिनं पुण्यात बापाचं नाव काढावं. पोळ्याच्या दुपारपर्यंत अस्तर बसलं. पण आभाळ भरून आलं, हवा ओली झाली. वर्षालीला यंदा लाल कार हवी होती, आणि ओल्या हवेत लाल रंग मारला तर वर पांढुरकी झाक येते. तो म्हणाला, सकाळी ऊन पडलं की मारू. कार घरी ओसरीत ठेवली आणि बैल पाहायला गेला.

घरी त्याचे वडील होते, अण्णाजी. सगळा गाव त्यांना अण्णाजी म्हणे, म्हणून मुलगाही अण्णाजीच म्हणे. गुडघे गेले तशी त्यांनी बैलजोडी विकून टाकली होती, आणि तेव्हापासून पोळा आला की म्हातारा नुसता घरात येरझारा घाली. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला, जिथं वर्षभर जू घासतं तिथं, तूप-हळद चोळतात आणि त्याला जेवायचं आवतन देतात. अण्णाजींचे हात रिकामे होते. समोर नातीची कार होती. उद्या तिचा पोळा. म्हातारा वाटीत तूप-हळद कालवून खाली बसला, पुढच्या चाकांवरच्या दोन्ही उंचवट्यांना मायेनं चोळलं आणि म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवायले ये." मग धोतराच्या सोग्यानं पुसूनही काढलं. कार मळलेली दिसू नये म्हणून.

सकाळी ऊन पडलं. मुकेश कार दुकानात घेऊन गेला, अण्णाजीही काठी टेकत मागे आले. एअरब्रशमधून लाल रंगाचा पहिला झोत निघाला, नाकावर बसला, अंगावर बसला, आणि खांद्यांवर आला तसा सरकून पळाला. दोन्हीकडे रंगात डोळ्यांसारखी गोल गोल भोकं उघडली. खालचा राखाडी रंग उघडा पडला. मुकेशनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"हे तूप कोनं लावलं?"

"मी लावलं रे," अण्णाजी म्हणाले. "आपल्या घरचा बैल आवतनाबिगर कसा जाईल?"

"बैल नाई तो! पत्रा आहे पत्रा! तुपावर रंग बसते का कुठं? पार वाटोळं करून ठेवलं तुमी माह्या कामाचं!"

म्हातारा कावराबावरा झाला. पुन्हा पुन्हा हात धोतराला पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "दोनच तर डाग आहेत. जाय ना तू तशीच घेऊन. पोरगी वाट पाहून राह्यली असंल."

"मले दिसते ना ते डाग!" मुकेश ओरडला.

त्यानं थिनरनं पुसलं, घासलं, पुन्हा अस्तर मारलं. घाईत तूप पुसलेला फडका तोच पुन्हा वापरला. अहो, शिकाऊ पोरगाही करणार नाही अशी चूक! तूप सगळ्या अंगावर पसरलं. दुसऱ्यांदा लाल मारला तर डोळे पाठीवरही उघडले. मग साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा, पुन्हा पहिल्यापासून. अकरा वाजून गेले. अपेक्षाचा फोन आला, त्यानं सांगितलं, "निघतोच." दुपारी सेलूत लाकडी बैलांचे घुंगरू वाजायला लागले तेव्हा पुन्हा फोन आला. या वेळी वर्षाली होती.

"पप्पा, रंग वाळला का?"

"वाळतच आला बेटा. एकच हात राह्यला."

"बरं," ती म्हणाली. रडली नाही, रुसली नाही. तेच वाईट.

रंग चढला तेव्हा ऊन कललं होतं. काय रंग चढला होता! आरशासारखा. मुकेशनं कार मोटरसायकलच्या टाकीवर मांड्यांत धरली आणि निघाला. पण निघून जातो कुठं? रस्त्यात जागोजागी तान्हे पोळे सुटलेले, लेकरांच्या रांगा, प्रत्येकाच्या मागे हौशी आईबाप. दुसऱ्यांच्या पोरांना वाट देत देत त्याचा जीव रडकुंडीला आला. सिंदी मेघेत पोचला तर दाराला कुलूप.

शेजारच्या कोकिळाबाई फाटकापाशी आल्या. "आत्ताच गेल्या जी स्टेशनावर. पोट्टी सकाळपासनं पायरीवर बसली होती. जेवलीबी नाई. हे तुमाले द्याले सांगितलं."

लाल-पिवळ्या रिबिनींचा कासरा होता. पोरीनं स्वतः विणलेला, टोकाला दोन घुंगरू बांधलेले. कार ओढायला.

मुकेश स्टेशनावर धावला. कार छातीशी धरून जिना चढला, उतरला. फलाटावर चहावाला रिकामे कप गोळा करत होता. पुण्याची गाडी गेली होती. त्यानं फोन लावला. आवाज तुटत होता, तरी एवढं ऐकू आलं, "लाल केली का पप्पा?" तो म्हणाला, "लाल केली." मग रेंज गेली. तो फलाटावरच्या बाकावर बसला आणि लोकांसमोर हमसून हमसून रडला.

घरी आला तेव्हा अण्णाजी ओसरीत बसून होते. पाटावर पुरणपोळीचं ताट वाढलेलं. आवतन दिलेल्याला जेवू घालावं लागतं ना, म्हणून. नातीसाठी दुसरं ताट झाकून ठेवलेलं. मुकेशनं कार पाटासमोर ठेवली, खिशातून कासरा काढून तिला बांधला. अण्णाजींनी सगळं समजून घेतलं. भीत भीत विचारलं,

"ते दोन डाग राह्यले असते, तर पोरगी काई म्हणली असती का रे?"

मुकेशनं कारच्या खांद्यावर हात ठेवला. कुठं खोट नव्हती.

"नाई अण्णाजी," तो म्हणाला. "काईच नसती म्हणली. तशीच घेऊन फिरली असती गावभर."