निवदाचा मान

लग्नाला तिसरं वर्ष, पोरबाळ नाही, आणि दर महिन्याला पोटात असं दुखायचं की मी भिंतीला पाठ लावून दात आवळून बसायची. वडूजला सासरी त्याला दुखणं म्हणायची पद्धतच नव्हती. बाईच्या जातीला एवढं असतंच, म्हणायचे. शेवटी मूल होईना म्हणून सासूबाई मला कराडला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दुखण्यासाठी नव्हे, हे मी विसरलेली नाही.

पोटाच्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांवर गाठी दिसल्या. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही ना, हे रक्तातून बघू. नमुना पुण्याला पाठवतो. मग त्यांनी विचारलं, "पाळी कधी आली होती?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "झाली की आठ दिसामागं. जत्रंच्या आदी डोक्यावरनं न्हाली बी."

इथंच माझी चोरी होती. घरच्या देवाच्या जत्रेला पुरणपोळीचा निवद सुनेनं करायचा, आणि आधीची दोन्ही वर्षं मी नेमकी त्याच दिवशी बाजूला बसले होते, शेळ्यांच्या छपरात. "देवालाच तुजा हात नगं," असं सासूबाई चारचौघींत बोलल्या होत्या. म्हणून यंदा मी आठवडाभर आधीच खोटीखोटी बाजूला बसले, न्हाऊन मोकळी झाले. खरी पाळी आली ती जत्रेच्या सकाळी. तशीच मी पोळ्या लाटल्या.

कराडला गेलो तो पाळीचा दुसरा दिवस. डॉक्टर आतून तपासतो म्हणाले, तर मी नको म्हणून अडून बसले. त्यांना वाटलं, खेड्यातली बाई, लाजते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. सासूबाईंसमोर जीभ रेटली नाही, आणि माझं रक्त काढून घेतलं.

कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो आकडा पस्तीसच्या आत हवा होता, तो कितीतरी पट आला. मला कुणी काही सांगितलं नाही. पण नवरा एकाएकी गोड बोलायला लागला, तेव्हा मी काय ते ओळखलं. ऑपरेशनच्या कागदावर सही त्यानंच केली. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढून टाकली. मी सव्वीस वर्षांची होते.

मग गाठींचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हताच. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर वाढतं, तो आजार. डॉक्टर मला एकटीला म्हणाले, "या आजारातही आकडा चढतो. पाळी चालू असताना तर जास्तच. म्हणूनच मी विचारलं होतं." नुसत्या आकड्यावर सुरी चालवणाऱ्या त्यांचा मला राग येतो, सासूबाईंचा येतो, पण सगळ्यात जास्त त्या मुकाट्यानं पोळ्या लाटणाऱ्या पोरीचा येतो.

सासूबाईंना मी हे कधीच सांगितलं नाही. पुढच्या जत्रेला त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, "आता तुला कसली अडचण न्हाई. हितनं फुडं निवद कायम तूच करायचा."

मी केला. त्यानंतर माझी एकही जत्रा चुकली नाही.