नानांच्या स्ट्रॉबेरीची रोपं

मागच्या रविवारी साक्रीच्या पुढे एका गावात गेले होते. गाडीच्या मागच्या सीटवर स्ट्रॉबेरीची रोपं होती... आणि ती द्यावीत की परत न्यावीत, हेच रस्ताभर मनात चालू होतं.

मी जळगावला टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये काम करते. आमचं मुख्य काम केळीचं. उन्हाळ्यात एक अक्का आल्या, ओल्या गोणपाटात स्ट्रॉबेरीची काही रोपं गुंडाळून. पानं आकसलेली, पिवळी... व्हायरस होता.

त्यांच्या यजमानांनी, नानांनी, ती डोंगराच्या कडेला लावली होती. इकडे स्ट्रॉबेरी होत नाही म्हणणाऱ्यांना ते दर हिवाळ्यात वाटीभर फळं नेऊन द्यायचे. मग अर्धांगवायू झाला, वाचा गेली. मळ्यात उरलेली ही शेवटची रोपं अक्कांना वाचवायची होती.

व्हायरस झालेल्या रोपाच्या शेंड्याचा अगदी बारीक कोंब सहसा निरोगी असतो. मायक्रोस्कोपखाली तो कापून बाटलीतल्या मीडियावर, म्हणजे पोषक जेलीवर ठेवायचा, तिथे त्याची नवी रोपं होतात. मी जमतील तेवढे कोंब कापले. काही बाटल्यांत बुरशी आली, त्या टाकल्या. बाकीच्यांत हिरवे फुटवे आले, तेव्हा मीच अक्कांना फोन करून सांगितलं... रोपं होतील म्हणून.

नंतर एका सकाळी बाटल्या ठेवतो त्या ग्रोथ रूममध्ये गेले तर प्रत्येक फुटव्याच्या बुडाशी दुधासारखं पांढरं वलय. जंतू कोंबाच्या आतच होते, इतके दिवस दिसले नव्हते. वाचवायचा प्रयत्न केला, नाही वाचले. तोवर मूळ रोपंही वाळून गेली होती.

अक्कांना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुसरं रोप दी द्या, ताई. त्यासले आते काय समजस?"

नानांना ती त्यांचीच म्हणून द्यायची होती. आमच्या शेडनेटमध्ये दुसऱ्या जातीची निरोगी रोपं होती, म्हणून मी हो म्हणाले.

नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. अक्कांनी एक कुंडी त्यांच्या मांडीवर ठेवली. चांगल्या हाताने त्यांनी पान उलटं केलं, चोळलं, बोटं नाकाशी नेली... मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला झेपली नाही, मी खाली बघायला लागले.

अक्कांनाही राहवलं नाही. "हाई आपलं नही शे," त्या म्हणाल्या. "आपलं बठ्ठं मरी गयं." सगळी मेली, एवढं सांगून त्या खाटेच्या कडेला बसून रडायला लागल्या.

नानांनी मान हलवली, आधीच कळलं होतं तशी. त्यांच्या तोंडून आवाज निघाला, पण शब्द झाला नाही. मग त्यांनी कुंडी हळूच बाजूला ठेवली आणि तोच हात अक्कांच्या पाठीवर ठेवला.

रोपं त्यांनी ठेवून घेतली की नाही, ते मी विचारलं नाही. निघताना अक्कांनी चहा केला, नानांनी चांगला हात कपाळाशी नेऊन नमस्कार केला.

लॅबमध्ये रोप गेलं की आपण दुसरं करतो... त्या ओट्यावर बसेपर्यंत मला वाटायचं, तेवढं पुरतं.