आत्याची अक्षत

नातवाचं लग्न ठरलंय. काल सुनेनं वाटीत तांदूळ कुंकवात कालवले आणि त्या ओल्या वासानं मला काटोलच्या गाडीतून नागपुरात नेऊन उतरवलं.

इंग्रजांचा अंमल होता, मी अठराचा. ताईच्या लग्नाची अक्षत नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या आत्याला द्यायला बाबांनी धाडलं होतं. आमच्यात हातात अक्षत पडल्याशिवाय सख्खी बहीणही लग्नाला येत नसे. पण शहरात मी पहिल्यांदाच एकटा! इतवारीच्या बाजारात हिंडलो, मग अजब बंगल्यात, तिथल्या संग्रहालयात, शिरलो. चित्रांच्या दालनात गार फरशी होती, तेलरंगांचा वास होता. एका नदीच्या चित्रापुढून पाय निघेना. बाहेर आलो तर परतीच्या गाडीची वेळ झालेली. वाटेत अक्षता खिडकीतून रुळांवर सोडल्या आणि घरी सांगितलं, दिली.

लग्नात बाबा मंडपाच्या दारातून हलेनात. "काहून नाही आली गा माही बहीण? अक्षत तं पोचली होती."

मी पंगतीत वाढायला निघून गेलो. पुढं बाबा नि आत्या एकमेकांवर रुसूनच वारले.

ती नदी आता आठवतही नाही.

"बाबा, पोरं वाटतील अक्षता," सून मला म्हणाली. मी हातातली वाटी सोडली नाही.