कावळे आले

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात सगळे तिला हरेश्वराची राही म्हणत, आणि हरेश्वर दर्यावरून परतला नाही त्यानंतरही म्हणत राहिले. एकोणीसशे अठ्ठावीसच्या वैशाखात वादळ झालं. बाकीच्या होड्या कुठे कुठे किनाऱ्याला लागल्या, त्याची लागली नाही. फळी नाही, वल्हं नाही, काहीच हाती आलं नाही. म्हणून राहीने डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच ठेवल्या. उजवा हात लग्नापासून मोकळाच होता. त्यातल्या बांगड्या तेव्हाच दर्याला दिलेल्या, नवऱ्याला सांभाळ म्हणून.

थोरला भाऊ भागोजी तिला आपल्या घरी घेऊन आला. आई गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं होतं, खाडीत पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं होतं. वर्षभर बरं गेलं. मग दिघीच्या तुळशीराम तांडेलाने राहीशी पाट लावायची इच्छा सांगितली. विधुर माणूस, मोठं गलबत. भागोजीला त्यावर घ्यायचंही त्याने कबूल केलं. भागोजीने शब्द दिला. राहीला विचारलं नाही.

"तो येल," राही म्हणायची.

"कुठून येल? माशाच्या पोटातून?"

भागोजी माडी पिऊ लागला. आधी शिव्या, मग ढकलणं, मग एकदा चुलीतलं लाकूड. शेजारच्या म्हाताऱ्या सोनाबाईने राहीच्या दंडावरचा डाग पाहिला आणि एवढंच म्हटलं, "तो पिऊन आला का चुलीपाशी बसू नको, पोरी. मागल्या दाराशी बस."

त्या दुपारी राही मागल्या दाराशीच मोरलीवर मासे चिरत होती. भागोजी पुढच्या दाराने आला, हातात कोयता.

"उजव्या हातातल्या दर्यानं नेल्या," तो म्हणाला, "डाव्यातल्या आज मी फोडतो. उद्या दिघीची माणसं येनार हायत."

त्याने तिचं मनगट धरलं आणि कोयता उलटा करून उगारला. हरेश्वरही कधी असंच मनगट धरायचा, हसत म्हणायचा, सुट बघू. ती ओढाओढ करायची. मग तोच सांगायचा, "बोटांकडं न्हाय गो, अंगठ्याकडं. मूठ तिथंच उघडी असते." राहीने हात अंगठ्याच्या बाजूला फिरवून हिसडला. माशांनी बुळबुळीत झालेलं मनगट निसटलं. बांगड्या कचकन फुटल्या, सगळ्या नाहीत.

ती बाहेर पळाली. समोर वलांडीवर, बांबूंच्या उंच मांडवावर, साऱ्या वाड्याचे बोंबील वाळत होते. बाया जेवून घरात आडव्या झालेल्या. भाऊ मारतो म्हणून ती याआधीही ओरडली होती. तेव्हा दारं लोटली गेली होती. घरातलं आहे, मिटेल. आज ती दुसरंच ओरडली.

"कावले! कावले आले गो!"

या हाकेला कोळीवाड्यातली कुठली बाई घरात राहील? केसर, मनुबाई, जनी, पदर खोचत, काठ्या घेऊन धावल्या. वलांडीवर एकही कावळा नव्हता. खाली राही उभी होती, मनगटातून रक्त गळत होतं, आणि तिच्यामागे कोयता घेतलेला भागोजी.

सोनाबाई शेवटी पोचली.

"एवरा मोठा कावला मी जल्मात बगला न्हाय," ती म्हणाली.

केसर फिसकन हसली. बाकीच्या हसल्या नाहीत. त्या राहीच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"माझी भैन हाय ती. तुमी कोन मधी?"

"व्हय, तुझीच हाय. कोयता ठेव," सोनाबाई म्हणाली.

त्याने कोयता वाळूत टाकला आणि तो किनाऱ्याकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी दिघीची माणसं आली, तेव्हा दारात या बायाच बसल्या होत्या. माणसं पाणी पिऊन परत गेली.

राही सोनाबाईच्या पडवीत राहू लागली. मध्ये एक कुडाची भिंत. पलीकडून भागोजीचं खोकणं ऐकू यायचं, भात करपल्याचा वास यायचा. तिचे हात आपोआप उलथन्याकडे जायचे आणि थांबायचे. हरेश्वराची वाट बघायला निदान किनारा होता. भावाची कुठे बघायची? तो तर भिंतीपलीकडेच होता.

त्या वर्षी भाऊबीजेला तिने भाऊ नसलेल्या बाईसारखं चंद्राला ओवाळलं.

पुढच्या वर्षी भाऊबीजेला, दिवेलागणीच्या वेळी, भागोजी अंगणाच्या कडेशी येऊन उभा राहिला. न पिता. धुतलेला सदरा, ओले केस.

"राही, ओवालशील मना?"

"ओवालीन. हितं, अंगनात. सोनाबाय न् केसर बसतील हितंच."

"मंग घरी येशील?"

"न्हाय, दादा."

तो पाटावर येऊन बसला. कुंकू केसरने लावलं. राहीने ताट घेतलं आणि त्याचा हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर उभी राहून त्याला ओवाळलं.