तीन थरांची भिंत आणि आम्ही चौघं

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पोलादपूरच्या शाळेत शिकले, वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, घरात पदवी घेणारी मी पहिली. बी.एस्सी. झाले ती आमच्या विज्ञानाच्या बाईंमुळे. त्यांनी स्वतःची पुस्तकं दिली आणि एक सवय लावली - आधी नीट बघ, मग बोल. आज परळला एका लॅबमध्ये नोकरी करते, ती त्या सवयीवरच. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचून झाल्यावर मनात म्हणते, काहीतरी कारण असणारच. मला माझ्या बाबतीत ते कारण सापडलेलं नाही, म्हणून लिहितेय.

सासर लालबागचं, चाळीतलं. माझे मिस्टर संतोष लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात आणि लहानपणापासून गोविंदा पथकात आहेत. खालच्या थराला उभे राहणारे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला बायकांच्या पथकात पाठवलं. "हलकी आसस, वर चढशीत. घरात बसान काय करतलंस?" एवढंच म्हणाल्या. तिथे जे शिकले ते इथे सांगणं गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खालच्या थरातल्यांनी मान खाली घालून, एकमेकांच्या खांद्यात हात अडकवून उभं राहायचं. वर कोण चढलं ते बघायचं नाही. चढणारीने पुढची पकड तेवढी बघायची... कंबर, खांदा, मग वर. खाली बघायचं नाही. म्हणजे थर लागत असताना कोणीच कोणाचं तोंड बघत नाही.

माझी नणंद वैशालीताई हिमाचलात असतात. भाऊजी, म्हणजे ताईंचे मिस्टर, तिथल्या एका जलविद्युत प्रकल्पावर इंजिनिअर आहेत. मूळचे सांगलीकडचे. कुल्लू जिल्ह्यात बंजार नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या थोडं पुढे त्यांचं क्वार्टर. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. लग्नानंतरचा पहिला मोठा प्रवास. सोबत सासूबाईंनी दिलेला खाजा आणि संतोषने मुंबईहून वाहून आणलेला जाड दोर. "डोंगरात जातोय, दोर नको?" असं त्याचं म्हणणं. ताई फोनवर म्हणाल्या, "अरे, इकडे माणसं राहतात. लिफ्टच्या शाफ्टात नाही चाललायस."

काय सांगू, ते दिवस फार सुंदर गेले. मला पोहता येत नाही, तरी मी बियासमध्ये राफ्टिंग केलं. जलोरी खिंडीत बर्फ शिल्लक होता, तिथे संतोषने बनियनवर फोटो काढून घेतला आणि मग दोन दिवस शिंकत बसला. झुलत्या पुलावर तो मधेच थांबला, पुढे जाईना, तर मीच त्याचा हात धरून पलीकडे नेलं. हे मी घरी सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण आता लिहिलंच. माझ्या आईने आयुष्यात महाबळेश्वरच्या वर डोंगर बघितलेला नाही. रोज संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉल लावून मी बर्फाची शिखरं दाखवायचे.

शेवटच्या आठवड्यात चौघं एका धबधब्याला गेलो. पायवाट डोंगराच्या कडेने जाते, मग खाली ओढ्यात उतरते. ओढा दगडांवरून ओलांडायचा आणि पलीकडच्या अरुंद घळीत शिरायचं. आत धबधबा. भाऊजींनी निघतानाच बजावलं होतं, "दुपारनंतर वरचा बर्फ वितळतो, पाणी वाढतं. जेवणाच्या आत परत फिरायचं." पण जागाच तशी होती. फोटो, मग पाण्यात पाय, मग ताईंनी डबा उघडला...

परत निघालो तेव्हा ताईंचा पाय शेवाळावरून घसरला. घोटा बघता बघता सुजला. संतोष आणि भाऊजी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून हळूहळू आणत होते. घळीच्या तोंडाशी आलो आणि थांबलोच. सकाळी काचेसारखं असलेलं पाणी गढूळ झालं होतं आणि ओलांडायचे दगड दिसत नव्हते.

मागे धबधबा, समोर ओढा. एका बाजूचा कडा वर बघवत नाही असा. दुसऱ्या बाजूला काळ्या ओल्या खडकाची सरळ भिंत, तिच्या माथ्यावरून वरच्या गावाकडे जाणारी पायवाट होती. त्या भिंतीच्या काठावर एका देवदाराचं मूळ बाहेर आलेलं दिसत होतं. आम्ही उभे होतो तो वाळूचा पट्टा आमच्या डोळ्यांदेखत लहान होत होता. फोनला रेंज नाही. हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात आमच्या हाका आम्हालाच ऐकू येईनात. संतोषने दोराला दगड बांधून मुळाकडे भिरकावला. तीन-चारदा. प्रत्येक वेळी दगड घरंगळत खाली.

ताई म्हणाल्या, "तुम्ही तिघं काहीतरी करून निघा. मला नंतर न्या."

"तायडे, गप बस," संतोष म्हणाला. तो भिंतीकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तीन थर आहेत."

मलाही तेच दिसलं होतं. खाली संतोष आणि भाऊजी. त्यांच्या खांद्यांवर ताई, कारण तिसरं कोणी नव्हतंच. ताईंच्या खांद्यांवर मी. मी वर पोचले की झाडाला दोर बांधायचा.

"मी हंडी फक्त टीव्हीवर बघितलीय," भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला काही करायचं नाहीये. मान खाली, पाय फाकवून, आणि काही झालं तरी हलायचं नाही," संतोष म्हणाला.

"आणि हिचा पाय?"

"एका पायावर उभी राहीन," ताई म्हणाल्या. त्या लालबागच्या आहेत, लहानपणी चढलेल्या आहेत. पण चेहरा पांढरा पडला होता.

मी बूट काढले, दोर कमरेला बांधायला घेतला. संतोष आणि भाऊजी भिंतीला तोंड करून, खांद्यात हात अडकवून उभे राहिले. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागलं होतं. घळीतून तुषार उडत होते, डोळे उघडे ठेवता येत नव्हते. माझी गाठ बसते आहे तोवर संतोषचा आवाज आला, "चढ."

मी चढले. संतोषच्या कमरेवर पाय, खांद्यावर पाय. वर पाठ होती, ओली. कंबर धरली, ओल्या सुती कापडाची गाठ हाताला लागली, तिच्यात बोटं अडकवून वर सरकले. खांद्यावर पाय ठेवला आणि मनात आलं, ताईंचा खांदा इतका भक्कम असेल असं वाटलं नव्हतं. सरावात पहिल्यांदा उभं राहणाऱ्या मुलींचे खांदे थरथरतात. हा थरथरत नव्हता. उभी राहिले, भिंतीला हात लावत वर ताणले. मूळ वीतभर वर राहिलं.

"ताई, थोडं," मी ओरडले.

माझ्या टाचेखाली तळहात आला आणि त्याने मला उचललं. मी मूळ धरलं, कोपर टेकलं, पोटावर सरपटत वर गेले.

मग पहिल्यांदा खाली बघितलं. संतोष आणि भाऊजी तसेच, मान खाली. ताई बाजूच्या दगडावर बसलेल्या, डोळे मिटून संतोषचा पाय घट्ट धरून. मला वाटलं, उतरल्या वाटतं लगेच. विचार करायला वेळ नव्हता. दोर झाडाला बांधला. आधी भाऊजी चढून आले, मग ताईंना दोर बांधून आम्ही दोघांनी वर ओढलं. शेवटी संतोष आला, तेव्हा पाणी त्याच्या कमरेला होतं.

वर आल्यावर आम्ही चौघं त्या पायवाटेवर बसून वेड्यासारखे हसत होतो. भाऊजी रडतही होते, पण ते तुषारांचं पाणी आहे असं ते म्हणतात. मग ताई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "रेश्मा, पण तू एकटी कशी गेलीस गं?"

"एकटी कुठे? तुम्ही होतात ना."

"मी चढलेच नाही. पाय वर टेकवला तर जीव गेला. मी खाली बसले, याला सांगणार की जमत नाही, तेवढ्यात हा म्हणाला चढ. मग मी डोळेच मिटले."

संतोष त्यांच्याकडे वळला. "तायडे, मस्करी करू नको. तुझं वजन खांद्यावर आलं म्हणून तर मी हिला चढ म्हणालो."

भाऊजींनी शर्टाची कॉलर बाजूला केली. त्यांचा डावा खांदा लाल झाला होता. मी चढले होते ती संतोषच्या बाजूने. भाऊजींच्या खांद्यावर मी पाय ठेवलाच नव्हता.

वरच्या गावातल्या बायकांनी ताईंना एका घरात नेलं, घोट्याला गरम तेल लावलं आणि आम्हाला तूप घालून गरम सिड्डू, म्हणजे तिकडच्या वाफवलेल्या जाड रोट्या, वाढले. त्यांना भिंतीचं सांगितलं तर एक म्हातारी म्हणाली, "बंबई में सब ऐसे चढ़ते हैं क्या?"

"सब नहीं," ताई तोंडात घास असताना म्हणाल्या. "सिर्फ लालबागवाले."

त्या घरात जे हसलो, तसं मी आयुष्यात हसलेले नाही. जिवंत असल्याचा आनंद असा असतो हे मला तेव्हा कळलं.

पण भाऊजी इंजिनिअर. पाणी उतरल्यावर, सकाळच्या वेळी, गावातली माणसं सोबत घेऊन ते आम्हा दोघांना परत तिथे घेऊन गेले. टेपने भिंत मोजली. मग स्वतः आणि संतोष खाली उभे राहिले, मी दोघांच्या खांद्यांवर उभी राहून हात ताणले, चवड्यांवर उभी राहिले, उडीही मारून बघितली. माझ्या बोटांच्या आणि त्या मुळाच्या मधे एक उभं माणूस मावेल एवढं अंतर राहिलं. भाऊजींनी टेप गुंडाळून खिशात टाकला.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी दोघांची दृष्ट काढली, मग म्हणाल्या, "गो, तो आपल्या गावचो राखणदार असतलो. आनिक कोण?"

"आई, राखणदार गावाची हद्द सोडत नाही, तूच सांगतेस," संतोष म्हणाला.

"पोरां हद्दीभायर गेली तर तो काय करतलो मगे?"

मी माझ्या परीने सगळं तपासलं आहे. भीतीने माणसाला जास्त ताकद येते, मान्य, पण उंची वाढत नाही. भास झाला म्हणावं तर तिघांना एकाच वेळी तोच भास कसा होतो? ती सुती गाठ, ती टाचेखालची हाताची ऊब मला आजही जशीच्या तशी आठवते. आमच्यापैकी कोणाच्याही कमरेला तसं कापड नव्हतं. कोण होतं ते मला माहीत नाही. जो कोणी होता, त्याचे मी रोज आभार मानते, एवढंच.

श्रावणात ताई आणि भाऊजी रजा काढून लालबागला आले. ताईंचा पाय पूर्ण बरा झालाय. चाळीमागच्या मोकळ्या जागेत सराव सुरू होता. भाऊजी खाली उतरले आणि संतोषला म्हणाले, "मला खाली उभं कर. मला एकाचं वजन किती लागतं आणि दोघांचं किती, ते बघायचंय."

पोरांना गंमत वाटली. "सांगलीचे पावणे, कंबर सांभाळा," कोणीतरी म्हणालं. दोघं उभे राहिले, मान खाली. आधी एक जण चढला, उतरला. मग एक आणि त्याच्या खांद्यावर दुसरा. थर उतरल्यावर ते खांदा चोळत माझ्याजवळ आले. घामाने भिजले होते.

"दोघं होते," ते म्हणाले. "त्या दिवशी अगदी असंच लागलं होतं."

त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, दोन घोट प्यायले. तिकडे पोरं पुढचा थर लावायला गोळा होत होती. भाऊजींना कोणी बोलावलं नव्हतं. पण ते परत गेले, संतोषच्या खांद्यात हात अडकवला आणि मान खाली घालून उभे राहिले.