आलं का?

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, कधी काही लिहिलं नाही. स्पष्ट सांगतो, त्यातल्या अर्ध्याअधिक लोकांना मी मनातल्या मनात वेड्यात काढलंय. मी मेकॅनिकल इंजिनिअर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. वडील सोलापूरला यंत्रमागावर, आई चादरींचे सुटे दोरे कापायच्या कामाला. नातेवाइकांत कुणाच्या अंगात आलं की मी सरळ थर्मामीटर काढायचो. "शिकला आणि वाया गेला," असं एक आत्या म्हणायची. मला ते कौतुकच वाटायचं.

तर माझ्यासारख्या माणसाने हे लिहावं हे मलाच अजून पटत नाहीये. पण जसं घडलं तसं लिहितो. मीठ-मसाला नाही.

मी ९२ साली दुबईला आलो, एसीच्या डक्टचं कॉन्ट्रॅक्टिंग करणाऱ्या कंपनीत. अल मनखूलला वन बेडरूमचा फ्लॅट — मी, बायको नीता आणि मुलगी ऋचा. हिवाळ्यात शुक्रवारच्या सुट्टीला लोक वाळवंटात किंवा समुद्रावर मुक्कामाला जायचे. आम्हालाही ते वेड लागलं. साइटवरच्या एका गोऱ्या साहेबाकडून मी एक जुना टेंट ट्रेलर घेतला. म्हणजे दोन चाकांची बुटकी पेटी. गाडीमागे ओढत न्यायची, जागेवर झाकण उघडलं की दोन्ही बाजूंना बिछाने बाहेर येतात आणि वर जाड कापडाचा तंबू उभा राहतो. आत तिघं एकमेकांना चिकटून. एकाने कूस बदलली की तिघंही जागे. वारा सुटला की कापड रात्रभर फडफडायचं आणि ऋचा म्हणायची, "Baba, the house is clapping."

हे मी सोलापूरला फोनवर आईला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "दत्ता, इंजिनेर होऊन तंबूत राहतोस? सर्कशीत लागलास का काय?"

"मजा असते गं. तू ये ना एकदा. व्हिजिट व्हिसा काढतो."

"तंबूत वाकून शिरायला गुडघे कुठायत मला? भिंती असलेलं घर घे, मग येते."

ती हसण्यावारी म्हणाली असेल. मी ते धरून बसलो. वडील गेल्यापासून आई कुठे गेली नव्हती. इंजिनिअर झालेल्या मुलाचा संसार तिने एकदा डोळ्यांनी बघावा, समुद्राकाठी बसून चहा प्यावा, एवढंच माझं म्हणणं होतं. मी तिथे कसा राहतो, काय मिळवलं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ऐकून माहीत होतं. बघितलं कुणीच नव्हतं.

९८ च्या हिवाळ्यात टेंट ट्रेलर विकला आणि खरा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. सेकंडहँडच, पण भिंतींचा. आत चार जण झोपतील एवढी जागा, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, एवढंसं का होईना पण टॉयलेट. पुढच्या बाजूला मोठी खिडकी आणि तिच्याखाली लांब बैठक. ती मी बघताक्षणीच आईची ठरवली. तिथे ती कामाला जायची त्या कारखान्याची एक चादर अंथरली.

नीता म्हणाली, "आईंसाठी घेताय का स्वतःसाठी? खरं सांगा."

"दोघांसाठी."

"मग आईंना विचारलंत का त्या येणार आहेत का?"

शारजाच्या गॅरेजमध्ये गाडीला दणकट हुक लावून घेतला. तिथला पठाण मेकॅनिक ट्रेलरला फेरी मारून म्हणाला, "फॅमिली बडा है?"

"माँ आने वाली है."

"इन्शाल्ला," तो म्हणाला. इथे कुठल्याही गोष्टीला इन्शाल्लाच म्हणतात, ते माहीत असूनही बरं वाटलं.

आईचा पासपोर्ट काढला. फोटोत डोळे एवढे मोठे केलेत की जणू कॅमेऱ्याने तिला दमच दिला होता. पण ती काही येईना. आधी म्हणाली दिवाळी होऊ दे. मग मंदाचं बाळंतपण होऊ दे. मंदा माझी धाकटी बहीण, लग्न होऊन आमच्याच गल्लीत राहते. मग म्हणाली उन्हाळा सरू दे. खरं कारण एकदा चुकून तोंडातून निघालं — "तुज्या त्या लोकांत मी काय बोलू? तुलाच खाली बघावं लागंल." मी खूप समजावलं. काही उपयोग झाला नाही.

आणि मग २००० मध्ये नीता आणि ऋचाच पुण्याला गेल्या. ऋचाचं पुढचं शिक्षण तिकडेच करायचं ठरलं होतं, त्यात भांडणबिंडण काही नव्हतं. इथल्या कितीतरी घरांत हेच होतं. पण फ्लॅट सोडून मी शेअरिंगच्या खोलीत आलो आणि नावावर हा चार माणसांचा ट्रेलर. नीता दर फोनला म्हणायची, "अहो, विकून टाका तो डबा."

"आई यायचीय."

त्यावर ती फोन ऋचाकडे द्यायची.

मी एकटाच जायला लागलो. नाही गेलो तर शुक्रवार खायला उठायचा. टेंट ट्रेलरमध्ये एकटं असणं एक वेळ जमलं असतं, तो मुळात माणसाच्या मापाचाच होता. पण फॅमिली ट्रेलरमध्ये एकटा माणूस... चार उशा, चार कप, चार हुक, आणि त्यातल्या एकावर माझा शर्ट. मी शेगडीपाशी उभ्यानेच जेवायचो. बसायला जागा भरपूर होती, म्हणूनच बसवत नसे.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ट्रेलर उभा केला की आधी तो समपातळीत आणावा लागतो. नाहीतर फ्रिज नीट चालत नाही आणि झोपलेला माणूस घरंगळतो. पुढे एक छोटं चाक असतं, त्याचा दांडा फिरवला की पुढची बाजू वर-खाली होते. आत ओट्यावर स्पिरिट लेव्हल, म्हणजे पातळी दाखवणारी पट्टी, ठेवायची, त्यातला बुडबुडा मधे आला की झालं. मग चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे. हे काम दोघांचं. आम्ही असताना मी बाहेर दांडा फिरवायचो आणि ओरडायचो, "बघ गं, आलं का?" आतून ऋचा सांगायची, "Little more, Baba... little more... okay, stop." एकटा असलो की थोडं फिरवायचं, आत जाऊन बघायचं, परत बाहेर. चार-पाच फेऱ्या ठरलेल्या.

२००१ चा जानेवारी. शुक्रवार. दिब्बाच्या बाजूचा समुद्रकिनारा, जिथे डोंगर अगदी पाण्यापाशी येतात. दुपारचे तीन वाजले असतील, लख्ख ऊन. आसपास कुणी नाही, फार लांब मासेमारीच्या दोन होड्या ओढून ठेवलेल्या. गाडीपासून ट्रेलर सोडवताना माझ्या डाव्या हाताचं बोट चिमटलं, रक्त आलं. रुमाल गुंडाळला. दांडा डिकीत फोल्डिंगच्या खुर्च्यांखाली होता म्हणून आधी खुर्च्या काढल्या आणि सवयीने दोन्ही उघडून सावलीत ठेवल्या. आत जाऊन ओट्यावर लेव्हल ठेवली, वाळू येते म्हणून दार लावून घेतलं आणि पुढे येऊन दांडा फिरवायला लागलो. वारा होता. दांडा करकरत होता. मनात काय चाललं होतं कुणास ठाऊक — बहुतेक काहीच नाही — मी जुन्या सवयीने ओरडलो,

"बघ गं, आलं का?"

आणि आतून उत्तर आलं.

एकच शब्द. बाईचा आवाज, पुढच्या खिडकीच्या पडद्यामागून, माझ्या डोक्याच्या जरा वर. मी "बरं" म्हणालो, दांडा सोडला आणि कोपऱ्याचे पाय खाली सोडायला गेलो. पहिला सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्यापाशी वाकलो तेव्हा डोक्यात आलं, की आज ऋचा मराठीत कशी बोलली?

मग हात थांबला.

खोटं सांगणार नाही, मी लगेच आत गेलो नाही. बाहेर उभा राहून "कोण आहे?" असं हिंदीत विचारलं. मग दार उघडलं. आत कुणी नव्हतं. टॉयलेटचं दार उघडून बघितलं, बैठकीखालचे कप्पे बघितले, माणूस मावणार नाही असेसुद्धा. कसला वास नाही, गारवा नाही, काही हललेलं नाही. पुढच्या खिडकीखाली चादर जशी होती तशी. ओट्यावर लेव्हल, आणि बुडबुडा बरोबर दोन रेघांच्या मधे. पहिल्याच खेपेला. ते त्याआधी कधी झालं नव्हतं.

उन्हाने होतं, एकटेपणाने होतं, असं मी स्वतःला समजावलं. चौथा पाय सोडला, चहा केला, बाहेर खुर्चीत बसून प्यालो. सांगायला विचित्र वाटतं, पण भीती वाटली नाही. त्या दिवशी मी बसून जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुबईला परत येऊन सोलापूरला फोन केला. मी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. मंदाने उचलला.

"दादा, बरा आहेस ना? आई कालपासून तुझंच काढून बसलीय."

"का, काय झालं?"

"काल दुपारी चार-साडेचारला उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. एकदम मोठ्यानं 'आले' म्हणाली आणि ताट ठेवून उठली. मी म्हटलं, कुठं निघालीस? तर म्हणे, दत्ता बोलावतोय. परत बसली, पण संध्याकाळपर्यंत तांदळाला हात लावला नाही."

आमचे तीन म्हणजे तिकडचे साडेचार.

"मी म्हटलं तिला," मंदा हसत सांगत होती, "आम्हाला जन्मभर शिकवलंस, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तीन हाका होऊ द्यायच्या. आणि तू गं? तर म्हणते, दत्ताची हाक मला कळत न्हाई व्हय?"

मग आई फोनवर आली.

"दत्ता, बोट कसं आहे?"

मी बोटाकडे बघितलं.

"डाव्या हाताला रुमाल बांधला होतास. हळद लाव त्याला."

"आई... तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तूच विचारलंस की, 'आली का?' म्हटलं, आले." मग म्हणाली, "डोंगर कसले रे ते, एक झाड न्हाई. पण समुद्र चांगला आहे. घर पण चांगलं आहे. भिंती आहेत."

आईने आयुष्यात समुद्र बघितला नव्हता. दिब्बाचं नाव मी तिच्यापाशी कधी काढलं नव्हतं. फोटोही कधी पाठवले नव्हते, कारण तिने येऊनच बघावं हा माझा हट्ट होता.

मी म्हटलं, "आई, मी उद्याच व्हिसाचं बघतो. आता तू येच."

"आता कशाला?" ती म्हणाली. "येऊन गेले की."

"असं कसं..."

"दत्ता, दोन खुर्च्या मांडल्या होत्यास बघ बाहेर. दुसरी कुणासाठी होती?"

"कुणासाठी नाही. सवयीने मांडली."

"बसले होते जरा वेळ," ती म्हणाली आणि फोन मंदाकडे दिला.

आई त्यानंतर चार वर्षं होती. मी दर हिवाळ्यात विचारायचो, ती दर वेळी तेच सांगायची, येऊन गेले. गल्लीतल्या बायकांना सांगायची, माझ्या दत्ताचं समुद्राकाठचं घर मी बघून आलेय. त्या मान डोलवायच्या, त्यांना वाटायचं विमानाने गेली असेल. मी सुट्टीत घरी गेलो की मला विचारायच्या, "आई रमली का तिकडं?" मी "रमली," म्हणायचो.

एका डॉक्टर मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, योगायोग आणि आठवणींची सरमिसळ. तिने आधी कधी काहीतरी ऐकलं असेल, तूच बोलला असशील आणि विसरला असशील. त्याचं ऐकून घेतलं. दुसरं कुणी मला हे सांगितलं असतं तर मीही नेमकं हेच म्हणालो असतो.

ट्रेलर पुढे विकला. आईचा पासपोर्ट माझ्याकडे आहे, त्यावर एकही शिक्का नाही. त्या दुपारी वारा होता, दांडा करकरत होता, त्यामुळे आतून आलेला तो शब्द 'आलं' होता की 'आले', हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. 'आलं' असेल तर ते कोण म्हणालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. 'आले' असेल तर कोण म्हणालं ते मला माहीत आहे, पण ती तेव्हा सोलापुरात उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती.

बुडबुडा मात्र बरोबर मधे होता. तो मी स्वतः बघितला.